शेवटच्या ओळीतलं नाव

१ एप्रिल, मंगळ. येरमाळा
गाणं झालं एकदाचं. शिवायला आलेल्या ब्लाऊजला हुक लावता लावता.
दार उघडं ठेवलं, दिवा लावला दारात
तुझ्या पायाची धूळ मी भरीन भांगात
ह्यांच्यासाठी. पुण्याहून येडाईदेवीच्या यात्रेला येणार, दिवाळीनंतर पहिल्यांदाच. तोंडावर काही म्हणायची नाही मी. लाज वाटते.

४ एप्रिल, शुक्र.
घोळ. मशीनवर गुणगुणत होते, सासूबाईंनी ऐकलं. त्यांना वाटलं देवीचंच. देवीची गाणी म्हणणाऱ्या आराधी मेळ्यातल्या बायकांना शिकवूनही आल्या. आता कुठल्या तोंडानं सांगू, तुमच्या लेकाचं आहे म्हणून?

८ एप्रिल, मंगळ.
मेळ्यात बसवलं मला. झांज, संबळ, कवड्यांच्या माळा. माझी ओळ सगळ्यांच्या गळ्यातून. अंगावर काटा. डोळे मिटले तर ह्यांचा चेहरा आठवेना. मळवट भरलेलं कपाळ दिसलं, बाकी नुसता उजेड. घरी कशी आले, कळलं नाही. मग भीती वाटली.
म्होरक्या काशाबाई म्हणाल्या, "ग्वाड हाय गाणं. पर ज्याचं गाणं त्याचं नाव शेवटाला न्हाय. नावाबिगर पोचत न्हाय पोरी. चुना वेचायच्या दिवशी तूच घाल."

११ एप्रिल, शुक्र.
हे आले. वाळलेत. बॅग खाली ठेवायच्या आत सासूबाईंनी गाणं म्हणून दाखवलं, सुनेचं कौतुक. हे ऐकत राहिले, चहा निवून गेला. मी भाकरी थापत होते तेव्हा दाराशी आले.
"देवीचं न्हाय ते. माझं हाय ना?"
किती आवडतात मला हे. म्हणूनच खोटं बोलवेना. लिहिताना तुमचंच होतं, म्हटलं.
"आन आता?"
भाकरी करपली.

१३ एप्रिल, रवि.
पालखी आमराईत. जो तो वाकून देवळाच्या रंगासाठी चुन्याचे खडे वेचतोय, हेही. मेळ्यानं गाणं धरलं. शेवटाला काशाबाईंनी मला खूण केली. सगळ्या गप्प, संबळ तेवढा चालू. ह्यांचं नाव लग्नातल्या उखाण्यानंतर कधी घेतलं नाही, ते ओठावर. येडाईचंही ओठावर. कुठलं घेऊ?
हे खड्यांची ओंजळ घेऊन जवळ आले. "तिचं घे," म्हणाले. रुसून नाही, मायेनं.
मग तर तिचं मुळीच घेता येईना.