जिन्याच्या तोंडाशी स्टोव्ह

आई, तुला जाऊन चाळीस वर्षं होत आली, तरी तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही. आज तो लिहून काढावा म्हणून बसले आहे.

बंगळूरला चिकपेटच्या मागच्या गल्लीतलं आपलं घर. खाली स्वयंपाकघर, वर तुझा शिवणाचा क्लास, मधे एकच लाकडी जिना. त्याच्या तोंडाशीच तू स्टोव्ह मांडलेला. चीनच्या लढाईनंतर आम्हा टेलिफोन एक्स्चेंजमधल्या मुलींना आग लागली तर काय करायचं ते शिकवत होते. मी घरी येऊन तुला म्हटलं, स्टोव्ह मागच्या पडवीत हलव, जवळ वाळूची बादली ठेव, घरात एक शिडी असू दे. तू कुणाच्या तरी झंपराला काजं करत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "सरी, सरी, हलवते. एवढी संक्रांत होऊ दे." संक्रांत झाली. मग म्हणालीस, पडवीत वारा फार, स्टोव्ह विझतो. वाळूची बादली मी स्वतः आणली, तर आठ दिवसांत ती वाळू तू भांडी घासायला काढलीस. मी चिडले. "तुझं एक्स्चेंज तिकडेच ठेव," तू म्हणालीस, "वीस वर्षं या घरात विस्तव मी सांभाळतेय."

तो शनिवार होता, दुपारची वेळ. वर सहा मुली शिवतायत, तू त्यांच्यासाठी कॉफी करतेयस, मी नुकतीच ड्यूटीवरून येऊन चपला काढतेय. स्टोव्ह एकदम भडकतो. तू मागे सरून म्हणतेस, "गोणपाट भिजवून आण, लवकर." आणि मी समोरची घागर उचलून स्टोव्हवर उपडी करते. पेटत्या रॉकेलवर पाणी ओतायचं नाही, हे एक्स्चेंजच्या वर्गात सगळ्यांसमोर म्हणून दाखवलेली मी. जळतं तेल पाण्याबरोबर पसरलं आणि जिन्याने पेट घेतला.

तू गल्लीत धावलीस. समोरच्या लोखंडी सामानाच्या दुकानातून शिडी आणवलीस, पदर खोचून स्वतः वर चढलीस आणि खिडकीतून एकेका मुलीला खाली पाठवलंस. पाच उतरल्या. सहावी धुराला घाबरली आणि तिने खिडकीतूनच उडी घेतली. तिचं मांडीचं हाड मोडलं. ते नीट जुळलं नाही, पाय आखूडच राहिला.

लोक जमले. तिच्या वडिलांनी विचारलं, "पाणी कुणी टाकलं?" मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "मी. घाईत सुचलं नाही." त्यांनी तुला नाही नाही ते ऐकवलं आणि तू मान खाली घालून ऐकून घेतलंस.

मला वाटलं, आता तरी तू शहाणी होशील. जिना दुरुस्त झाला आणि दोन महिन्यांत स्टोव्ह पुन्हा त्याच जागी. मी काही बोलणार, तोच तू माझ्याकडे नुसतं पाहिलंस. रागाने नाही, पण मी गप्प झाले ती तू जाईपर्यंत. आई, ते पाणी तू स्वतःवर घेतलंस म्हणजे मला वाचवलंस असं सगळे म्हणतील. मला मात्र वाटतं, तू माझं तोंड कायमचं बंद केलंस. मी चुकले म्हणून तुझा स्टोव्ह बरोबर ठरत नव्हता. एवढं एक वाक्य तुझ्यासमोर म्हणायची सोय तू ठेवली नाहीस, आणि त्यानंतरही वर्षानुवर्षं मुली त्याच जिन्याने वर जात राहिल्या.

गेल्या महिन्यात ती उडी घेतलेली सहावी मुलगी मला एका लग्नात भेटली. आता आजी झालीय, काठी घेऊन चालते. शेजारी बसली आणि म्हणाली, "अक्का, तुमच्या आईचा हात काय सुंदर होता. आज मला शिवता येतं ते त्यांच्यामुळे. फक्त त्या दिवशी त्यांनी पाणी टाकायला नको होतं."

मी म्हटलं, "हो, नको होतं टाकायला."