फ्रीजवरची कार्डं

अहो,

एंजेलाला घेऊन नगरला स्पीच थेरपीला जाते आहे. तिथूनच तिला शाळेत सोडीन. डाळ झाली आहे, भात तुम्ही लावा.

काल प्रार्थनेला मंडळी घरी येणार म्हणून तुम्ही तिची चित्रांची कार्डं फ्रीजवरून काढून ठेवलीत. आपली सात वर्षांची पोर बोलत नाही, कार्ड हातात देऊन मागते, हे पाळकसाहेबांना माहीत नाही का? अख्ख्या भिंगारला माहीत आहे. लपवता कोणापासून?

सकाळी तिला पाणी हवं होतं. फ्रीजच्या मोकळ्या दारावर अर्धा तास डोकं आपटत होती आणि मी दूध, पोळी, बिस्कीट पुढं करत होते. पाणी सगळ्यात शेवटी सुचलं.

कार्डं कुठं ठेवलीत ते शोधायला मला वेळ नाही. आल्याबरोबर परत लावा, तिचा हात पुरेल इतक्या उंचीवर. शाळेतही त्याच क्रमानं लावली आहेत, तेव्हा क्रम बदलू नका.

एक तेवढं फ्रीजखाली पडलेलं तिला सापडलं, तुमच्या फोटोचं. रडणं थांबल्यावर तेच तिनं चार वेळा माझ्या हातात दिलं. तुम्ही ड्युटीवर गेला होतात. मी तिला काय देणार होते?

दीना