झटकलेलं कापड

३ नोव्हेंबर
निवृत्तीनंतर अकरा वर्षांनी पुन्हा हजेरीपटावर नाव चढलं! डोळ्यांच्या दवाखान्यात, कापडखोलीत. शस्त्रक्रियेची धुतलेली कापडं तपासायची, घड्या घालायच्या, पत्र्याच्या ड्रममध्ये रचायची. पुढे ती वाफेवर निर्जंतुक होतात. पहिल्याच दिवशी मी सगळ्यांचा 'मास्तर' झालो. चौतीस वर्षं मुलांकडून कविता घोकून घेतल्या, त्याचा वास अंगाला येत असावा.

मोठ्या सिस्टरांनी एकच नियम तीनदा सांगितला. कापड झटकायचं नाही. झटकलं की लव उडते, डोळ्यांना दिसत नाही, आणि चिरलेल्या डोळ्यात उतरते. चुकून झटकलंच, तर परत धुवायला टाकायचं. थिएटरमध्ये हवेतले कण मोजणारं यंत्रसुद्धा आहे. त्याचे हिरवे आकडे सारखे वरखाली होतात. घरी हिला सांगितलं, तर म्हणाली, अहो, पलंगपोसापासून पाहुण्यांपर्यंत सगळं झटकणारे तुम्ही, तुमचं कसं व्हायचं तिथे!

हिचा एक डोळा लहानपणीच गेला. दुसऱ्यात मोतीबिंदू. त्याची शस्त्रक्रिया इथेच, दहा तारखेला. त्या वेळी निदान दाराशी असावं, म्हणून तर ही नोकरी.

९ नोव्हेंबर
कापडखोलीत सकाळी दहाला ऊन तिरपं येतं. हातात मधोमध डोळ्याएवढं भोक असलेलं कापड होतं. उद्याच्या यादीतलं पहिलं, म्हणजे हिचंच. शाळेतल्या एका कवितेची चाल ओठांवर आली, हातांनी ठेका धरला आणि कापड झटकलं गेलं. कण उठले. सोन्याचे! काय गिरक्या घेत होते उन्हात! त्या भोकातून मी बघत राहिलो, तिसरीतल्या पोरासारखा हरखून.

तेवढ्यात वॉर्डबॉय ड्रम न्यायला आले. आता हे परत धुवायला टाका म्हटलं, तर हसतील, मास्तरांना एवढंही जमेना. एकदाच तर झटकलं होतं. घडी घातली. दिलं.

१० नोव्हेंबर
काचेतून पाहत होतो. हिचं कापड उलगडलं आणि हिरवा आकडा चढला. डॉक्टर हात वर धरून थांबले. आकडा उतरला. काम सुरू झालं.

११ नोव्हेंबर
पट्टी सोडली. माझ्याकडे बघून म्हणाली, अगंबाई, किती म्हातारे झालात हो! एवढी हसली, की सिस्टर ओरडल्या, आजी, डोळ्यांत पाणी आणायचं नाही. मग हळूच म्हणाली, समोर एक पांढरा धागा आहे. हलतोय.

१४ नोव्हेंबर
डोळा लालभडक. आतून ठणका. डॉक्टर म्हणाले, आत कापसाचा तंतू आहे, जंतू पसरलेत. हवेतून कुठून आला, देव जाणे. मी मान हलवली.

१७ नोव्हेंबर
तंतू काढला. चिमट्यात धरून मला दाखवला. पापणीच्या केसाहून लहान.
नजर गेली. उजेडसुद्धा कळत नाही. हिने माझा चेहरा चाचपला. म्हणाली, रडता काय असे, तुमचा काय दोष.

१९ नोव्हेंबर
घरी आणलं. म्हणते, धागा अजून दिसतो. काळ्यावर पांढरा. वळतो, वेलांट्या काढतो, रेघ ओढतो. तुम्ही फळ्यावर लिहायचात तसा. मी वही मिटली — पलीकडून लगेच म्हणाली, थांबला.

२० नोव्हेंबर
हे लिहितोय आणि पलीकडच्या खोलीत ती मोठ्याने वाचतेय. हेच. शब्द न् शब्द. पेन उचललं — गप्प. टेकवलं — आवाज.
जपून लिहायला हवं.

२१ नोव्हेंबर
दिवसभर लिहायला लावलं. म्हणते, लिहा हो, थांबलात की नुसता अंधार. खिडकी लिहिली. तिची कपाळावरची पांढरी बट लिहिली — लाजली. पाठ असलेल्या सगळ्या कविता लिहिल्या. तिने चालीवर म्हटल्या.
बोटं सुजलीत.

२२ नोव्हेंबर
सगळं लिहून झालं. एकच उरलंय. ती विचारते, पुढे? अहो, पुढे?
वाच. नको, वाचू नकोस — नऊ तारखेला — तुझंच कापड होतं गं — माहीत असून मी —
ती थांबली.
पेन चालू आहे. वाचत नाही.
भिंत चाचपत येतेय — दाराशी —
अगं, उन्हात ते इतकं सुंदर दिस