अप्पा पडतात ती प्रत

१३ जानेवारी

फुटला! सिनेमा उद्या पोंगलला लागणार आणि चोरीची प्रत आज दुपारीच बाहेर. ऑफिसात आम्ही सहाजणी लिंका शोधतो, तक्रार टाकतो, बंद करवतो. एक बंद केली की चार उगवतात.

प्रत खरी आहे का, हे थोडी पाहूनच ठरवावं लागतं. पाहिली. अप्पा दिसले! सिनेमा बॉक्सिंगचा; हीरो रायपुरमच्या तालमीचा, अप्पा त्याच्यासमोर आमच्या व्यासरपाडीच्या तालमीचे म्हातारे चँपियन. तिसऱ्या फेरीत ठोसा बसतो आणि अप्पा पडतात. काय पडतात!

पण अप्पांच्या आधी मी पाहिलं. ही नोकरी की चोरी?

१४ जानेवारी

अप्पांनी अकरा तिकिटं काढली. मदुरैची आत्या नवी साडी नेसून आली. तिसरी फेरी आलीच नाही. दुसरीनंतर एकदम गाणं! अप्पांचा प्रसंग कापलाय. फुटलेली प्रत कापण्याआधीची.

बाहेर अप्पा म्हणाले, "बरं केलं. सिनेमा लांबला असता." आत्या रिक्षात रडली.

१६ जानेवारी

एळुमलै वाद्यार घरी आले. अप्पांना बॉक्सिंग शिकवणारे, तालमीचे सर्वेसर्वा. मागे पाच पहिलवान. दारातूनच ओरडले —

"मासिलामणी! साठ वर्षांत आपलं घराणं रायपुरमवाल्यांपुढे आडवं झालं नाही. आणि तू कॅमेऱ्यासमोर झोपलास?"

अप्पा शांतपणे म्हणाले, "वाद्यार, कुठल्या थिएटरात पाहिलंत?"

अम्माने वडे आणून ठेवले.

"थिएटरात जायचंच आहे," वाद्यार म्हणाले. "पुढच्या आठवड्यात."

"खुर्च्यांत ढेकूण असतात हो, अण्णा," एक पहिलवान पुटपुटला.

सिनेमाचोरीविरुद्धच्या सभेत गेल्या महिन्यात वाद्यारांनीच हार घालून घेतला होता!

रविवारी तालमीची बैठक बसणार. अप्पांचा फोटो तिथल्या भिंतीवर ठेवायचा की उतरवायचा? जाताना वाद्यार माझ्याकडे वळले. "तोवर ती प्रत नाहीशी झाली, तर बघू. तुझं कामच ना ते, पोरी? मग कर की!"

१७ जानेवारी

आज दोनशे चार लिंका बंद. माझा हात इतका कधीच चालला नव्हता. साहेबांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवायला लावल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे मी निर्मात्यासाठी करतेय की भिंतीवरच्या फोटोसाठी? शाळेत घालण्याआधी अम्माने घरीच अक्षरं शिकवली आणि खरेपणाही. अक्षरांचा त्रास होत नाही.

शेवटी साहेबांच्या खोलीत गेले. म्हटलं, या सिनेमात माझे वडील आहेत, मला दुसरा द्या.

"कुठे आहेत?"

"तिसऱ्या फेरीत."

"अगं, ते तुझे वडील? काय पडलेत! आमच्या घरी सगळ्यांनी पाहिलं. सासूबाईंनी तर दोनदा!"

मग साहेब खिडकीबाहेर बघू लागले. मी परत जागेवर येऊन बसले.

१८ जानेवारी

संपल्या. चारदा तपासलं. एकही नाही.

१९ जानेवारी

तालमीची बैठक बसली. बायका दारात. पहिलवानांनी सकाळपासून फोन चाळले होते, कुणालाच प्रत सापडली नाही. वाद्यारांनी घसा खाकरला. "थिएटरात तिसरी फेरी नाही. फोनवर नाही. म्हणजे मासिलामणी पडलाच नाही!"

जयघोष. गोड पोंगल वाटला. वाद्यारांनी स्वतः फोटोवरची धूळ पुसली. अम्मा रडली. अप्पा हसत होते, म्हणजे मला तसं वाटलं.

२० जानेवारी

सकाळी अप्पा माझ्याजवळ येऊन बसले.

"पूंगोडी, मी कसा पडलो गं? आठ दिवस सराव केला होता. तुझ्या नोकरीची लाज राखायची म्हणून मी फोनवर पाहिलं नाही. अख्ख्या वस्तीने पाहिलं, मीच राहिलो. एकदा दाखव ना."

दिवसभर शोधतेय. कुठेच नाही. काम चोख झालंय.