चेहरा दुप्पट करताना

२ डिसेंबर

प्रिय बारक्या,

आशीर्वाद. तू खुशाल असशीलच; काही वाईट असतं तर एव्हाना कानावर आलं असतं. इथलं म्हणशील तर दुकानांच्या पाट्या आता छापूनच येतात, आम्हा ब्रशवाल्यांना कुत्रं विचारत नाही. तुझ्या वहिनीची कंबर धरलीय, पण तोंड ठणठणीत आहे. आई बरी आहे. डोळ्यांची तेवढी थोडी कुरकुर.

लिहायचं कारण तुझा तो फोटो. घरात तुझा एकच, कारखान्याच्या दारातला, आणि त्यात चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा. तू गेल्यावर आई तोच घेऊन बसायची. मग म्हणाली, बारक्या धूसर दिसतो, जरा मोठा करून दे. माझा धंदाच तो. फोटोवर पेन्सिलीने बारीक चौकटी आखल्या, पुठ्ठ्यावर तेवढ्याच, पण दुप्पट बाजूच्या, आणि एकेक चौकट उतरवली. खूश झाली.

काही महिन्यांनी पुन्हा धूसर. म्हटलं, खुर्ची निम्म्यावर आण. अंतर निम्मं केलं काय नि चित्र दुप्पट केलं काय, डोळ्याला सारखंच. तेही पुरेना, तेव्हा चित्र पुन्हा दुप्पट. नखाएवढा होतास तो दोन नखं, चार, आठ, सोळा असा वाढत गेलास. लहानपणीसुद्धा एवढा झपाट्याने वाढला नव्हतास! दर वेळी रंग मात्र चौपट लागतो, कारण चित्र उंचीत वाढतं तसं रुंदीतही वाढतं. हे तुझ्या वहिनीला पटवताना नाकी नऊ आले.

पुठ्ठा संपला, फळी संपली. शेवटी आतल्या खोलीतलं कपाट हलवून भिंतीला पांढरा हात मारला. या वेळी जमिनीपासून छतापर्यंत नुसता तुझा चेहरा येणार होता. पुढची दुप्पट घरात मावत नाही.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, आतली नस मरत चाललीय, ऑपरेशनने होण्यासारखं नाही. तुला कळवायचं नाही, अशी तिने मला शपथ घातलीय. पोरगं हातातलं काम टाकून येईल म्हणते. आपलं भांडण तिच्या गावीही नाही.

गेल्या आठवड्यात मी भिंतीवर फिकट चौकटी आखल्या आणि चहाला गेलो. परत आलो तर आई खुर्ची ओढून भिंतीसमोर बसलेली. रंगाचा डबा मी अजून उघडलाही नव्हता. तिने भिंतीवरून हात फिरवला, हसली.

"आता दिसला बघ," म्हणाली. "किती वाळलाय रे."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि रडलो. तुझी वहिनीसुद्धा कंबर धरत माझ्याशेजारी येऊन बसली.

तेव्हापासून ती रोज त्या कोऱ्या भिंतीसमोर बसते. मी काही रंगवलेलं नाही. आता कितीही मोठं काढलं तरी उपयोग नाही, आणि हे तिला सांगायला माझी जीभ उचलत नाही.

तुझं तोंड बघणार नाही म्हणालो होतो. राग आजही आहे. तू ये, माझ्याशी बोलू नकोस हवं तर. तिच्यासमोर बस आणि तिचे हात तुझ्या गालांवर घे. ती भिंतीशी बोलायला लागलीय रे.

तुझ्यावर अजून रागावलेला, तुझाच,
दादा