पाच रुपये वर्गणी आणि कौशल्येचे न झालेले लग्न

सक्करदरा, नागपूर
दि. १२ ऑक्टोबर १९७८

तीर्थरूप भाऊजी यांच्या चरणी महादेवचा साष्टांग नमस्कार.

आपला गुडघा, ताईचा खोकला आणि गोठ्यातल्या नव्या गाईचे दूध ही तिन्ही आपापल्या जागी ठीक असतील अशी आशा करतो. इकडे आम्ही तिघेही कुशल आहोत. ‘तिघेही’ हा शब्द मी विचारपूर्वक योजला आहे. मी, इंदू आणि कौशल्या असे आम्ही तिघे. कौशल्या अद्याप आमच्याच घरी आहे. मी हे लिहीत असताना ती आतल्या खोलीत एम.एस्सी.चा अभ्यास करीत आहे, आणि तिचे लग्न झालेले नाही.

आपले पोस्टकार्ड परवा मिळाले. त्यात तीनच वाक्ये होती. कन्येचा विवाह निर्विघ्न पार पडल्याचे बाहेरून समजले. आनंद झाला. या वर्षी भाऊबीजेला सौ. येणार नाही. पहिली दोन वाक्ये मी समजून घेऊ शकलो. तिसरे वाचून मात्र इंदूने चूल तशीच सोडली आणि ती माझ्यासमोर येऊन बसली. लग्न झाल्यापासून छत्तीस वर्षांत ताईने माझी एकही भाऊबीज चुकवलेली नाही. (ज्या वर्षी उमरेडच्या रस्त्यावरचा पूल वाहून गेला त्या वर्षीही ती बैलगाडीने आली होती आणि ओल्या लुगड्याने मला ओवाळले होते.) तेव्हा या पत्राचा हेतू एकच: ते तिसरे वाक्य आपणाकडून परत घेववणे. त्यासाठी मला थोडे विस्ताराने समजावून सांगावे लागेल, आणि समजावून सांगणे हा तर माझा धंदाच होता.

प्रथम एक कोडे. भिवापूरला मिरचीवाल्या नत्थूजींच्या ओसरीवर आपण ती लग्नपत्रिका पाहिली. आपण तहसील कचेरीत तीस वर्षे नकला तपासण्याचे काम केलेले. एक गोष्ट आपल्या लक्षात आलीच असणार. पत्रिकेवर वधू कौशल्या आहे, वर रणधवल आहे, निमंत्रक आहेत, खाली माझा सक्करदऱ्याचा पत्ताही आहे. पण कार्यस्थळ नाही. आणि मुहूर्ताच्या जागी ‘चाल सत्ताविसावी’ असे छापले आहे. ज्या लग्नाला मांडव नाही आणि ज्याची तिथी कोणत्याही पंचांगात सापडणार नाही, असे लग्न असते तरी कोणते?

उत्तर असे. अमरावतीला बापूजी नावाचे एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर राहतात. त्यांनी एका मोठ्या कागदावर एक मुलूख काढला: नद्या, खिंडी, तळी आणि बारा राज्ये. हा मुलूख पृथ्वीवर कुठेही नाही. प्रत्येक राज्याला एक राजा, आणि राजा म्हणजे वर्गणीदार. महिन्याच्या पाच तारखेपर्यंत प्रत्येक राजाने आपला हुकूम पत्राने अमरावतीला पाठवायचा: फौज कुठे न्यावी, कालवा कुठून काढावा, कोणाशी तह करावा. बापूजी बाराही हुकूम समोर मांडून वाचतात, काय घडले ते नियमांनी ठरवतात (जिथे नियम संपतात तिथे फासे टाकतात) आणि सायक्लोस्टाईल केलेले चार पानी ‘दरबारवृत्त’ सर्वांना टपालाने पाठवतात. याला एक चाल म्हणायचे. वर्गणी दरमहा पाच रुपये. आमच्या राजांमध्ये अकोल्याचे एक वैद्य आहेत, वर्ध्याचे एक पार्सल क्लार्क आहेत, भिवापूरचे मिरची पिकवणारे नत्थूजी आहेत, आणि मी आहे. देवखिंडीचा राजा. हे मी आपणास आजवर सांगितले नाही याचे कारण संकोच. भूमितीच्या शिक्षकाने निवृत्तीनंतर राजा व्हावे हे उमरेडला कसे दिसेल, असे मला वाटत राहिले.

नत्थूजी आणि मी यांच्यात नदी ओलांडायच्या एका उतारावरून अठरा चाली युद्ध चालले होते. दोघांचीही माणसे संपत आली. नियम चौदावा असे सांगतो की दोन दरबारांत सोयरीक झाली तर युद्ध थांबते. मात्र विवाहाचे लेखी निमंत्रण बाराही दरबारांना गेले पाहिजे, कारण ज्याला निमंत्रण जाणार नाही त्याला रुसण्याचा आणि स्वारी करण्याचा हक्क आहे. (बापूजींना किती बहिणी आहेत हे मला ठाऊक नाही, पण हा नियम अनुभवातून आलेला दिसतो.) मी स्वभावतः पद्धतशीर. हाताने लिहिलेले निमंत्रण मला अपुरे वाटले, म्हणून सीताबर्डीला मारोतरावांच्या छापखान्यात गेलो. तिथे दोन अडचणी आल्या. पहिली, पन्नासांच्या खाली ते पत्रिका छापत नाहीत. दुसरी, हातात छपाईचे खिळे घेऊन ते म्हणाले, “मुलीचं नाव सांगा गुरुजी, जुळवून राहिलो.” आणि राजकन्येचे नाव मी ठरवलेच नव्हते. मुलीच्या लग्नाचा विचार मनात आला की माझ्या डोळ्यांसमोर एकच मुलगी उभी राहते. मी तिचे नाव सांगितले. खालचा पत्ता मारोतरावांनी सवयीने घातला. भाऊजी, या सर्व प्रकरणातला अपराध असेल तर तो एवढाच.

आता नत्थूजी. सत्ताविसाव्या चालीच्या दिवशी सकाळी आमच्या दारात रिक्षा थांबली आणि तिच्यातून नत्थूजी, त्यांच्या पत्नी रंभाबाई आणि मिरच्यांचे एक पोते असे तिघे उतरले. आम्ही एकमेकांना त्यापूर्वी कधी पाहिले नव्हते. मी त्यांना अत्यंत नम्रपणे विचारले की हा खेळ आहे हे आपणास ठाऊक आहे ना. ते म्हणाले, “मास्तर, खेळ तं खेळच हाय गा. पण पत्रिका आली न माह्या नावानं. पत्रिका आल्यावर घरी बसून राहणं बरं दिसत नाही.” पुढे त्यांनी हेही ऐकवले की वरपित्याला वेशीवर घ्यायला कोणी आले नाही, याची नोंद त्यांनी मनात ठेवली आहे. रंभाबाईंनी पिशवीतून हिरवे लुगडे काढून इंदूपुढे धरले. इंदू घेईना, तेव्हा त्या म्हणाल्या, “पोरगी कागदावरची असन वं बाई, लुगडं तं दुकानातलं हाय. घे.” इंदूने घेतले, आणि मग अर्थातच पुरणपोळी करावी लागली, कारण विहीण घरात आल्यावर नुसती भाजी-पोळी वाढणे तिला जमेना. कौशल्या पाण्याचे तांबे घेऊन बाहेर आली, तिने पत्रिका वाचली आणि सर्वांसमोर म्हणाली, “बाबा, मले न विचारता माझं लग्न लावून राहिले तुम्ही, अन् पाहुण्यायले पाणीही मीच देऊन राहिली.” यावर नत्थूजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. जेवणानंतर ते भिंतीवरच्या नकाशापुढे तास दीड तास उभे राहिले आणि मी नवव्या चालीत त्यांची रसद कशी तोडली, ते मला पुन्हा पुन्हा समजावून द्यायला लावले. माझ्या सबंध नोकरीत एकाही विद्यार्थ्याने मला एकच गोष्ट तीनदा आनंदाने विचारलेली नाही.

(नत्थूजींना चारही मुलीच. रणधवल हा त्यांना टपालाने झालेला एकुलता एक मुलगा. म्हणून ती पत्रिका त्यांनी ओसरीवर चिकटवली आहे, आणि म्हणूनच मिरची घ्यायला आलेल्या प्रत्येकाला ते सक्करदऱ्याच्या व्याह्यांविषयी सांगतात. त्यांच्या पत्रावरून कळले की आपण पत्रिका वाचली, चहा घेतला नाही आणि मिरचीही न घेता परत गेलात.)

आपल्या मनात आता जो प्रश्न आला असेल तो इंदूनेही विचारला होता: जो मुलूख नाही त्यासाठी दरमहा पाच रुपये का द्यावे? बाजारात वांगी घेताना आठ आण्यांसाठी तीन दुकाने फिरणारा मी, माझ्याविषयी तर हा प्रश्न फारच रास्त आहे. मी त्याचा क्रमाने विचार केला. मागच्या वर्षी आपल्या गावच्या दंडारीच्या नाटकात राजाला त्याच्याच राज्यातून हाकलले तेव्हा आपण उपरण्याने डोळे पुसले होते. त्या दिवशी सकाळी आपली दाढी करून गेलेला धोंडबाच तो राजा होता, हे आपणास माहीत असूनही. म्हणजे नसलेल्या राजासाठी खरे पाणी डोळ्यांत येते, हे आपण स्वतः सिद्ध केले आहे. फरक इतकाच की दंडारीत राज्य धोंडबाचे जाते आणि आपण पाहत बसतो. इथे राज्य माझेच जाते, आणि जायला सव्वादोन वर्षे लागतात. सिनेमाचे तिकीट तीन तासांनी संपते. दरबारवृत्त आले की इंदू भाजी निवडता निवडता वैद्यबुवांची फौज कुठवर आली ते विचारते (आपण विचारतो हे ती कबूल करीत नाही), कौशल्या नकाशावर रंग भरते, आणि आमच्या घरात तिघांनाही एकाच गोष्टीची उत्सुकता असते, जे एरवी फक्त आजारपणात घडते. आणखी एक कारण आहे, ते लिहायला थोडे जड जाते. एकतीस वर्षे मी वर्गात उभा राहिलो आणि समोरची मुले घंटेची वाट पाहत राहिली. मी आता काय बोलणार याची वाट कोणी पाहिली असे मला आठवत नाही. आता दर महिन्याला अकरा घरांत माणसे पोस्टमनला विचारतात, आणि त्यांना जाणून घ्यायचे असते की देवखिंडीच्या राजाने काय ठरवले. याला पाच रुपये जास्त असतील, तर मला त्याहून स्वस्त दुकान आपण दाखवावे.

राहिला आपला खरा राग, आणि तो मला कळतो. श्रावणात आपण कौशल्येसाठी उमरेडच्या बँकेतले स्थळ आणले होते आणि मी तिचे शिक्षण पुरे होईपर्यंत थांबायला सांगितले. मग आपण भिवापूरला ती पत्रिका पाहता. आपल्या जागी मी असतो तर मीही चहा घेतला नसता. परंतु भाऊजी, ज्या दिवशी खरोखर पत्रिका छापली जाईल त्या दिवशी पहिली प्रत घेऊन मी स्वतः, अक्षता आणि सुपारी घेऊन, उमरेडला येईन. तिच्यावर कार्यस्थळ असेल, आणि ते आपणास विचारून ठरवलेले असेल.

ताईला नमस्कार. गाईला वैरण कमी पडू देऊ नये.

आपला मेहुणा,
महादेव

ता. क. हे लग्न खेळातही झालेले नाही. पाहुणे गेल्यावर कौशल्येने राजकन्येच्या नावाने थेट अमरावतीला अर्ज केला की तिचा विद्याभ्यास आणखी बारा चाली चालणार आहे आणि तिला विचारल्याशिवाय केलेली सोयरीक तिला मान्य नाही. बापूजींनी नियम तपासले, तिचे म्हणणे ग्राह्य धरले आणि विवाह रद्द केला. युद्ध पुन्हा सुरू व्हायचे, पण नत्थूजींनी आपली फौज हलवलीच नाही. त्यांनी कार्डावर लिहिले, “पोरगी शिकून राहिली तं शिकू द्या तिले. मी थांबतो.” हे वाक्य मी आपल्या माहितीसाठी उतरवले आहे, दुसऱ्या कोणत्याही हेतूने नाही.

ता. क. दुसरा. मूळ विनंती वर नीट आली नाही असे इंदूचे म्हणणे आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. भाऊबीजेला ताईला पाठवा, आणि आपणही या. वरचे सर्व विवेचन पटले नसल्यास एक साधा प्रयोग करून पाहावा. रविवारी सकाळी चहा झाल्यावर ताईला एवढेच म्हणायचे, “जायचं असन तं जा महादेवकडे.” आणि घड्याळात पाहायचे. पिशवी भरून ती दाराशी यायला दहा मिनिटांहून जास्त वेळ लागला, तर आपला राग योग्य होता असे मी समजेन आणि दरबाराची वर्गणी बंद करीन. पिशवी आधीच भरलेली निघाली, तर वेळ शून्य मिनिटे धरावी.