गेंड्याची बरगडी आणि तिच्यातून उपटलेला दगड

मी, खाली सही करणारी, पन्नाशी ओलांडलेली, धंद्याने जीवाश्मांची अभ्यासक, म्हणजे दगड झालेली हाडं ओळखणारी, हे मृत्युपत्र शुद्धीत आणि रागात लिहीत आहे. शुद्धीचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे, रागाचा मी देते. उद्या माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत, म्हणून आजच लिहिलेलं बरं. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. तो आणू शकणारे एकमेव गृहस्थ, माझे यजमान, आता वेगळे राहतात.

१. राहतं घर माझ्या लेकीला. ती दातांची डॉक्टर आहे. आईवडिलांच्या धंद्याला कंटाळून तिने असे दात निवडले की ज्यांचे मालक ओरडू शकतात. स्वयंपाकघरातला नळ गळतो. बाबांना दुरुस्त करायला बोलावू नये, ते आधी उपटतात आणि मग बघतात.

२. माझ्या छिन्न्या, ब्रश आणि लेकीच्या दवाखान्यातून ढापलेल्या सगळ्या सुया संग्रहालयात हाडांवर प्लास्टर चढवणाऱ्या बाईंना. त्या तोंडाने फटकळ आणि हाताने हळुवार आहेत. यजमानांचं बरोबर उलटं.

३. आता यजमान.

ते लिखाणाच्या आधीच्या माणसाचा अभ्यास करतात. म्हणजे त्याने घडवलेल्या दगडांचा. लोकांना आमचे विषय एकच वाटतात, कारण दोघांच्याही नखांत माती. फरक असा की माझ्या गोष्टीत माणूस अगदी शेवटी उगवतो आणि त्यांच्या गोष्टीत त्याच्याआधी कोणी जन्मालाच आलेलं नसतं. पण दगडाला स्वतःचं वय सांगता येत नाही. तो कोणत्या जनावरांच्या हाडांशेजारी पडला होता हे बघून मी सांगायचे, आणि ते व्याख्यानात ‘आम्ही ठरवलं’ म्हणायचे.

माझ्या वडिलांच्या, आणि त्यांच्यामागे माझ्या, खडीच्या खाणीत आम्ही दोघं खणत होतो. नियम साधा होता: हाड निघालं की मला हाक, दगड निघाला की त्यांना. एका सकाळी दोन्ही एकत्र निघालं. आता नामशेष झालेल्या गेंड्याची बरगडी, आणि तिच्यात रुतलेलं दगडी हत्याराचं टोक. मी म्हटलं, “अहो, हात लावू नका. फोटो होऊ दे, प्लास्टर होऊ दे.”

“अगं, नुसती धार बघतो.”

“धार कुठे पळून जात नाही.”

मी कॅमेरा आणायला वळले. परत आले तर टोक त्यांच्या तळहातावर आणि बरगडीला भोक. चेहरा असा, की जणू त्या गेंड्याला यांनीच लोळवलं. “तुझं हाड तुला, माझा दगड मला. झाली ना वाटणी?” म्हणाले.

त्या दगडावर त्यांनी ‘पहिली शिकार’ हे पुस्तक लिहिलं. मुखपृष्ठावर दगड. आत बरगडीचा उल्लेख ‘एक हाड’.

त्या एका हाडाकडे मी भिंगातून पाहिलं. भोकाच्या कडेने नवं हाड चढलं होतं, गुळगुळीत, गोलसर. मेलेल्या जनावराची जखम भरत नाही. म्हणजे गेंडा दगड अंगात घेऊन निसटला आणि पुढे बराच काळ चरत राहिला. ‘पहिली शिकार’ फसली होती. मी हे घरी सांगितलं तेव्हा यजमान म्हणाले, “तू ना, माझं काही चांगलं झालेलं बघूच शकत नाहीस.” मी बॅग भरायला घेतली, मग आठवलं की घर माझं आहे. त्यांची भरली.

लेक म्हणते, “आई, तुम्ही एका मेलेल्या गेंड्यापायी वेगळे झालात, कळतंय का?” कळतंय. पण तो तेव्हा मेला नव्हता, एवढंच माझं म्हणणं आहे.

४. संग्रहालयाच्या नव्या दालनासाठी यजमानांना बरगडी हवी आहे. ‘पहिली शिकार’ अशी पाटीही रंगवून घेतली आहे म्हणे. खाण माझी, म्हणून बरगडी माझी आणि त्यांच्या टेबलावर काचेखाली मिरवणारा दगडही माझा, हे वकिलांनी पाहिलं आहे. तरी दोन्ही वस्तू मी दालनाला देते, पुढील अटींवर.

यजमानांनी तो दगड स्वतःच्या हाताने भोकात परत बसवावा, लेकीसमोर. तो एकाच बाजूने बसतो. त्याला चिकटलेला जो पापुद्रा ते ‘माती’ म्हणून ब्रशने घासायला निघाले होते, तो घासू नये. ते माझं हाड आहे, म्हणजे गेंड्याचं. बसवल्यावर कडेवरून बोट फिरवावं आणि काय लागलं ते मोठ्याने सांगावं. मग रंगवलेली पाटी उतरवून ‘निसटलेला गेंडा’ अशी लावावी. दगडाशिवाय मला हे कळलं नसतं की मारणारा माणूस होता. हाडाशिवाय त्यांना कधीच कळणार नाही की तो हरला. म्हणून दोन्ही एका पेटीत. आम्हांला नाही जमलं, त्या दोघांना जमू दे.

अट मान्य नसेल तर दगड परत घ्यावा आणि दोन्ही वस्तू लेकीच्या दवाखान्यात, रुग्ण बसतात तिथे ठेवाव्यात. तिथे निदान तोंड उघडायला तयार असलेले लोक येतात.

५. माझ्या शोकसभेत यजमानांनी बोलू नये. बोललेच, तर ‘आम्ही’ हा शब्द वापरू नये.

६. माझ्या मरणाचं कारण डॉक्टर लिहितील तेच धरावं. यजमानांनी मनाला लावून घेऊ नये, आणि मिरवूही नये. त्यांचा घाव जुना आहे. त्याच्या कडेने हाड चढलेलं आहे, दगड अजून आत आहे, आणि मी पुष्कळ चरले.

सही: लिहून देणारी

साक्षीदार पहिली: शेजारीण, निवृत्त टायपिस्ट. मजकूर वाचला नाही असं सांगते. सही करताना हसत होती.
साक्षीदार दुसरे: वकिलांचे कारकून. हसले नाहीत. त्यांचंही लग्न झालेलं आहे.

ठिकाण: माझं जेवणाचं टेबल. तारीख: झडप बदलण्याचा आदला दिवस.